खडकीच्या वॉर सिमेट्रीतला एअर गनर: अपघातात गेलेल्या बॉम्बर एअरमनचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलात, तिथं रॉयल एअर फोर्सच्या एका एकवीस वर्षांच्या एअर गनरचा (म्हणजे विमानातल्या मशीनगनवरच्या माणसाचा) दगड दिसला, नंतर कळलं की तो लढाईत नाही तर ट्रेनिंगच्या फ्लाइटमध्ये बॉम्बर पडून गेला, आणि आता मुलगी विचारतेय की मग तो युद्धात गेला असं म्हणायचं का. आणि तुम्हाला त्याची आणखी माहिती हवीय. मी बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणजे ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांसाठी भारतात गेलेल्या एअरमनचे कागद शोधून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलीला सांगा, हो, तो युद्धातच गेला, यात शंका नको. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियम स्पष्ट आहे, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात जो सैनिक नोकरीत असताना गेला तो त्यांच्या यादीत येतो, मग गोळी लागून जावो, मलेरियानं जावो की विमान पडून जावो. दगड सगळ्यांना सारखाच. हुद्द्याप्रमाणे दगड लहानमोठा होत नाही आणि मरण कसं आलं ते दगडावर लिहिलेलंच नसतं. आपल्या गावाबाहेरच्या वीरगळावर तो गडी कसा पडला, घोड्यावर होता की गाई सोडवताना गेला, हे सगळं कोरलेलं असतं, इथं तसं नाही. इथं वर एअर फोर्सचा बिल्ला, मग नंबर, हुद्दा, नाव, काम (एअर गनर, नॅव्हिगेटर, वायरलेस ऑपरेटर वगैरे), तारीख, वय, आणि अगदी खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. बस एवढंच. त्यामुळे दगड बघून काही कळत नाही असं लोकांना वाटतं, पण कळतं, कसं ते पुढे सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की अपघात ही तेव्हाची अपवादाची गोष्ट नव्हती. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये साधारण १,२५,००० जण एअरक्रू म्हणून उडाले, त्यातले ५५,५७३ गेले, आणि या गेलेल्यांपैकी आठ हजारांच्या वर असे की जे ट्रेनिंगमध्ये किंवा इतर अपघातात गेले. बऱ्याच जणांनी शत्रूचा देश खिडकीतून पाहिलाही नाही. कारणं बघितली तर सगळी एकमेकांत गुंतलेली. पोरं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत मोकळ्या आकाशाखाली उडायला शिकायची आणि मग एकदम इंग्लंडच्या हिवाळ्यात यायची, ढग खाली, खाली ब्लॅकआउट त्यामुळे एक दिवा दिसत नाही, आणि नॅव्हिगेशन म्हणजे घड्याळ, होकायंत्र आणि वाऱ्याचा अंदाज. त्यात ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट, म्हणजे जिथं बॉम्बर चालवायला शिकवायचे, तिथं विमानं बहुतेक वेळा स्क्वाड्रनमधून वापरून जुनी झालेली यायची. वेलिंग्टन, व्हिटली, हॅम्पडन, आणि पुढे चार इंजिनांच्या विमानांच्या ट्रेनिंग युनिटला स्टर्लिंग आणि हॅलिफॅक्स. टेकऑफला एक इंजिन गेलं की भरलेल्या वेलिंग्टनला वर राहणं कठीण. आणि शिकवणारे कोण, तर तीस ऑपरेशन्सचा टूर पूर्ण करून "विश्रांती" म्हणून पाठवलेले जुने लोक. जर्मनीवरून तीस वेळा परत आलेला माणूस नवशिक्याबरोबर रात्रीच्या सरावात डोंगरावर आदळून जायचा. हे वाचताना मला अजूनही फार वाईट वाटतं.

एक उदाहरण देतो. १३ एप्रिल १९४१, स्कॉटलंडमधल्या किनलॉसच्या १९ नंबरच्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटचं ॲन्सन विमान, सहा जण, क्रॉस कंट्री नॅव्हिगेशनचा सराव. हवा बिघडली, विमानावर बर्फ चढायला लागला आणि ते बेन मोर असिंट नावाच्या डोंगरावर पडलं. मे महिन्याच्या अखेरीस बर्फ वितळल्यावर सापडलं. इतक्या उंचावरून सहा जणांना खाली आणणं शक्य नाही म्हणून त्यांना तिथंच पुरलं, वर दगडांचा ढीग रचला. ब्रिटनमधली सगळ्यात उंचावरची युद्धकबर ती. पुढे तो ढीग ढासळत गेला तर २०१३ मध्ये कमिशननं ग्रॅनाइटचा नवा दगड तयार करून चिनूक हेलिकॉप्टरनं वर नेऊन बसवला. ट्रेनिंगच्या अपघातातली सहा माणसं, बहात्तर वर्षांनंतर, आणि त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा.

आता भारतात या. खडकीतला मुलगा बॉम्बर कमांडचा नव्हता, ती कमांड युरोपची. इकडचे बॉम्बर आधी इंडिया कमांड आणि १९४३ च्या अखेरीपासून एअर कमांड साऊथ ईस्ट एशियाखाली. लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बरच्या स्क्वाड्रन्स बंगालात सालबोनी, दिग्री, ढुबालिया अशा ठिकाणी, लिबरेटरचं कन्व्हर्जन ट्रेनिंग (म्हणजे दुसऱ्या विमानावरून लिबरेटरवर येण्याचं शिक्षण) कोलारला, आणि पुण्याचं लोहगावही तेव्हा युद्धासाठी चालू असलेलं एअरफील्ड. त्यामुळे लंडनच्या ग्रीन पार्कमधलं बॉम्बर कमांड मेमोरियल किंवा लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा लॉसेस डेटाबेस, हे दोन्ही युरोपसाठी उत्तम आहेत, डेटाबेस तर फुकट आहे आणि त्यात ट्रेनिंगमध्ये गेलेलेही आहेत, पण तुमचा गनर त्यात सापडला नाही तर घाबरून जाऊ नका, तो दुसऱ्या खात्यातला आहे.

इकडचे अपघात वेगळे होते. पावसाळ्यातले उभे वाढलेले ढग, उन्हाळ्यातली धूळ, तापलेल्या हवेत लांबत जाणारा टेकऑफ. २६ जुलै १९४५ ला ओडिशातल्या अमरदा रोडच्या एअर फायटिंग ट्रेनिंग युनिटची सहा लिबरेटर फॉर्मेशनचा सराव करत होती, त्यातली दोन कमी उंचीवर एकमेकांवर आदळली, चौदा जण गेले. युद्ध संपायला तीन आठवडे उरले होते. आणि मॉस्किटो, लाकडाचं विमान, १९४४ मध्ये भारतात हवेतच मोडायला लागलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तपासणीसाठी सगळी जमिनीवर ठेवावी लागली, इंग्लंडहून कंपनीची माणसं आली, लाकूड चिकटवायचा सरस इथल्या दमट हवेत टिकत नाही की जोडकामच नीट झालेलं नाही यावर बराच वाद झाला. दोन माणसांचं क्रू असायचं ते, पायलट आणि नॅव्हिगेटर.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही एका माणसाला शोधताय, तिथंच लोक अडकतात. बॉम्बरवाला एकटा जात नाही. त्याचं क्रू शोधा.

क्रू म्हणजे काय ते कळलं की का ते पटेल. ट्रेनिंग युनिटला पोचल्यावर बॉम्बर कमांडमध्ये पोरांना एका मोठ्या हँगरमध्ये सोडून द्यायचे, पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, गनर, आणि सांगायचे की तुमचं तुम्ही ठरवा कोण कोणाबरोबर उडणार. कुणी कुणाला नेमून देत नव्हतं. कुणाच्या हसण्यावरून, कुणाच्या गावावरून, कुणी शेजारी उभा होता म्हणून, पाच जणांची जोडणी व्हायची आणि चार इंजिनांच्या विमानावर जाताना फ्लाइट इंजिनियर आणि दुसरा गनर मिळून सात. मग जेवण एकत्र, रजा एकत्र, आणि बहुतेक वेळा शेवटही एकत्र. एकाच क्रूमध्ये लंडनचा कारकून, वेल्सच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा, ऑस्ट्रेलियाचा शेतकरी, कॅनडाचा कॉलेजातला पोरगा असं असायचं. भारतात ही हँगरवाली पद्धत प्रत्येक ठिकाणी तशीच होती असं नाही, पण क्रूचं नातं तेच.

म्हणून परत खडकीला जा आणि त्या दगडाच्या डावीउजवीकडे बघा. तीच तारीख आहे का, एअर फोर्सचाच बिल्ला आहे का. चार-पाच दगडांवर एकच तारीख आणि कामं वेगवेगळी, एक पायलट, एक नॅव्हिगेटर, एक वायरलेस ऑपरेटर, म्हणजे क्रू सापडलं. दगड एकमेकांना अगदी खेटून लावलेले असतील आणि रजिस्टरमध्ये "कलेक्टिव्ह ग्रेव्ह" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ असा की कोण कोणता हे वेगळं ओळखता आलं नाही, म्हणून सगळ्यांना एकत्र ठेवलं. हे मुलीला कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण तुम्हाला माहीत असू द्या. शेजारी कोणी नसेल तर कमिशनच्या वेबसाइटवर सिमेट्रीचं नाव आणि मृत्यूची तारीख टाकून शोधा, एक दिवस मागेपुढेही बघा, कारण कोणी हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. जखमी झालेला आणि वाचलेलाही कोणी असू शकतो, तो कुठल्याच सिमेट्रीत सापडणार नाही, त्याच्यासाठी पुढचे कागद.

आणखी एक गोष्ट जी पुणेकर नेहमी विसरतात. खडकीत पुरलाय म्हणजे विमान पुण्यात पडलं असं अजिबात नाही. ही सिमेट्री पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होणं शक्य नव्हतं त्या गोळा करून आणायला तयार केली, दुसऱ्या महायुद्धाच्या १,६६८ कबरी आहेत तिथं. म्हणजे तुमचा गनर आधी कुठल्या तरी छावणीच्या, रेल्वे स्टेशनजवळच्या किंवा चर्चच्या जागेत असू शकतो. कमिशनच्या वेबसाइटवर त्या माणसाच्या पानावर खाली काही वेळा जुने टाइप केलेले कागद स्कॅन करून ठेवलेले असतात, त्यातला ग्रेव्ह कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे कबर दुसरीकडून इथं हलवल्याचा, फॉर्म असेल तर आधीची जागा त्यात मिळते. लोक तो फॉर्म उघडतच नाहीत, वरचं सर्टिफिकेट डाउनलोड करून खूश होतात. मी सगळ्यात आधी तो उघडतो.

मग सर्व्हिस नंबर. तो सांभाळून लिहून घ्या, नावात चूक चालेल पण नंबरात नको, स्मिथ आणि जोन्स शेकड्यांनी आहेत. नंबरावरून माणूस कुठल्या एअर फोर्सचा ते लगेच कळतं, कॅनडाच्या साध्या एअरमनच्या नंबराआधी "आर" असतं आणि ऑफिसरच्या आधी "जे", ऑस्ट्रेलियाच्या एअरक्रूचे नंबर बरेचदा ४ नं सुरू होणारे सहा आकडी. आणि क्रूमध्ये एक जरी ऑस्ट्रेलियन निघाला ना, तर तुमचं अर्धं काम झालं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ए ७०५ या मालिकेत त्यांच्या गेलेल्या एअरमनच्या कॅज्युअल्टी फाइल्स आहेत, पुष्कळशा स्कॅन करून फुकट ठेवल्यात, घरी बसून वाचता येतात. एकाच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा सगळ्या क्रूची नावं, विमान कुठं पडलं, दफन कधी झालं, कमांडिंग ऑफिसरनं घरी काय लिहिलं, हे सगळं असतं. इंग्रज गनरची माहिती मला कितीतरी वेळा ऑस्ट्रेलियन नॅव्हिगेटरच्या फाइलमध्ये मिळालीय.

अशा एका फाइलमध्ये सामानाची यादी होती. टाइप केलेली, कार्बन कॉपी, पुसट. शर्ट इतके, मोजे इतके, टेनिसची रॅकेट एक, फाउंटन पेन एक, चष्म्याची रिकामी केस एक, फोटोंचं पाकीट. आणि त्याखाली वडिलांचं पत्र लावलेलं, की यादीत घड्याळ दिसत नाही, ते त्याच्या हातात होतं का, एवढं कृपा करून कळवाल का. मागे ऑफिसचं उत्तर, की होतं असं धरून चालावं लागेल. वडिलांचं पुढचं पत्र फाइलमध्ये नाही.

ऑस्ट्रेलियन नसेल तर लंडनमधलं क्यूचं नॅशनल आर्काइव्हज. तिथं स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक्स "एअर २७" मध्ये आणि ट्रेनिंग युनिटची "एअर २९" मध्ये. अपघातात गेलेल्यांसाठी लोक "एअर २७" चाळत बसतात आणि काही मिळत नाही, कारण माणूस स्क्वाड्रनला पोचलेलाच नसतो. या बुकांमध्ये फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकिकत. त्या दिवसाचं पान बघाल तर हवा कशी होती, अमुक ऑफिसर रजेवरून आला, क्रिकेटची मॅच झाली, आणि मध्येच एक ओळ, लिबरेटर अमुक नंबर, सरावासाठी गेलं, इतक्या वाजता पडलं, क्रू ठार. पुढच्या ओळीत परत हवा. तिथं विमानाचा सिरियल नंबर मिळाला की तो घेऊन लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे विचारा, त्यांच्याकडे अपघातांची कार्डं आहेत, फॉर्म ११८०, त्यावर थोडक्यात कारण असतं.

या कार्डाबद्दल मात्र हात जोडून सांगतो, जपून वाचा. त्यावर बरेचदा पायलटची चूक असं लिहिलेलं असतं. आता विचार करा, विमान जळालेलं, वाचलेला कोणी नाही, युनिटला उद्या परत वीस विमानं उडवायचीत, आणि चौकशी करणाऱ्याला कार्डावर दोन-तीन ओळींत काहीतरी लिहायचंय. पायलट वीस-बावीस वर्षांचा, रात्रीच्या उड्डाणाचे तास मोजकेच, विमान जुनं, हवेचा अंदाज चुकलेला, आणि नाव लागतं त्याचं. असं कार्ड मिळालं म्हणून ते जसंच्या तसं घरच्यांना पाठवायचं नाही, आणि प्रोजेक्टच्या चार्टवर तर मुळीच नाही. त्या दिवसाची हवा, विमानाचा इतिहास, आधीच्या आठवड्यात त्याच युनिटला काय झालं होतं, हे सगळं शेजारी ठेवून मगच बोलायचं. कारण कळलं नाही तर कळलं नाही असं लिहायचं, त्यात कमीपणा नाही.

दगड सगळ्यांना सारखा असं मी वर म्हटलं, पण मेडलच्या बाबतीत तसं झालं नाही आणि ते मला आजही पटत नाही. एअरक्रू युरोप स्टार असो की बर्मा स्टार, एअरक्रूला निदान एक तरी ऑपरेशनल सॉर्टी, म्हणजे प्रत्यक्ष युद्धातलं उड्डाण, हवी. २०१३ मध्ये बॉम्बर कमांडचा क्लास्प (मेडलच्या फितीवर लावायची पट्टी) आला, त्यालाही तीच अट. म्हणजे वर्ष-दीड वर्ष शिकून, स्वतःहून नाव देऊन (एअरक्रू सगळे व्हॉलंटियर असत), शेवटच्या सरावात जो गेला त्याच्या घरी साधं वॉर मेडल आणि फार तर डिफेन्स मेडल. घरच्यांना कुठेतरी वाटत राहिलं की आपला पोरगा कमी पडला. पुढच्या पिढीत त्याचं नाव घेणंच बंद झालं अशी घरं मी पाहिलीत, आजीच्या ट्रंकेत टेलिग्राम सापडतो तेव्हा नातवांना पहिल्यांदा कळतं की आजीला भाऊ होता. म्हणून तुमच्या मुलीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे आजोबा किंवा आजोबांचे भाऊ तेव्हाच्या इंडियन एअर फोर्समध्ये असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रन्स व्हल्टी व्हेंजन्स हे दोन माणसांचं डाइव्ह बॉम्बर चालवत होत्या, आणि ट्रेनिंगमध्ये आपलीही पोरं गेली. हिंदू-शिखांचं दहन झालेलं, त्यामुळे दगड शोधत फिरू नका, कमिशनच्या वेबसाइटवर नावानं शोधा, मेमोरियलवर नाव कोरलेलं असतं आणि कुठल्या पॅनेलवर तेही दिलेलं असतं. स्पेलिंग मात्र तीन-चार प्रकारे करून बघा, आपल्या आडनावांचं इंग्रज कारकुनांनी काय केलंय ते बघून थक्क व्हाल.

प्रोजेक्टसाठी माझं म्हणणं एवढंच की चार्टवर एकट्या गनरचं नाव नको, सगळ्या क्रूची नावं हवीत, प्रत्येकाचं काम, वय आणि जमलं तर गाव. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अक्षरं नीट उठतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात काही वाचता येत नाही. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पावडर लावू नका, दगड खराब होतो, फार तर साधं पाणी. तिथल्या माळ्यांना विचारून करा, ते रोज त्या दगडांजवळ काम करतात, कुठला भाग कुठे ते तोंडपाठ सांगतात. खालची घरच्यांची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, आईवडिलांनी निवडलेली असते ती, साठेक अक्षरांत बसवायची होती.

आणि घरच्यांना शोधायचं असेल तर थेट आडनावावरून फेसबुकवर लोकांना मेसेज करत सुटू नका. कमिशनच्या पानावर आईवडिलांचं गाव बहुतेक वेळा दिलेलं असतं. त्या गावच्या वॉर मेमोरियलवर त्याचं नाव असण्याची शक्यता फार मोठी, आणि त्या गावच्या लायब्ररीला किंवा स्थानिक इतिहास मंडळाला एक साधा ईमेल पाठवला तर ते लोक मनापासून उत्तर देतात, नातेवाईक असतील तर तेच विचारून सांगतात. पहिल्या ईमेलमध्ये अपघाताचं काही लिहू नका. दगडाचा फोटो पाठवा, जागा नीट राखलेली आहे ते लिहा, आणि पुण्यातल्या एका मुलीनं त्याच्याबद्दल विचारलं एवढं लिहा. बाकीचं त्यांनी विचारलं तर मग.